दागिना आधी उलटा धरा

गणपतीच्या आधीचे आठ-दहा दिवस मालवणच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. चाकरमानी गावी येतात, बँकेचे लॉकर उघडतात आणि आमच्या पेढीच्या बाकावर बायकांची रांग लागते. कुणी दागिने रुमालात बांधून आणतं, कुणी कुंकवाच्या करंड्यात, एकीने तर खाजाच्या रिकाम्या पिशवीत आणले होते. प्रश्न ठरलेला असतो. "काकी, सासूबाईंनी ही नथ दिलीय. खरी आहे ना?"

सोनाराच्या घरात सून म्हणून आले त्याला आता बावीस वर्षं झाली. मोती ओवणं, मंगळसूत्रं गाठवणं हे माझं काम. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली. गिऱ्हाईक दागिना हातात देतं तेव्हा त्याचं तोंड दाखवतं. आपण पाठ बघायची. "आदी उलटो कर, मगे बोल," एवढंच ते म्हणाले. पुढचं सगळं त्या एका वाक्यातून आलंय.

हे लिहितेय ते खड्यांचा दागिना पहिल्यांदाच हातात आलेल्यांसाठी, मग तो वारशाने आलेला असो की विकत घेतलेला. कुठल्या बोटात कुठला खडा घालायचा हे मात्र मला विचारू नका, ते दुकान वेगळं.

आधी उजेड

दुकानातले दिवे विकण्यासाठी लावलेले असतात. वरून पडणाऱ्या पांढऱ्या एलईडीत काचही हिऱ्यासारखी लखलखते, पिवळ्या दिव्याखाली फिकट माणिक गडद दिसतं. खडा दिवसाच्या उजेडात बघायचा, पण थेट उन्हात नाही. पावसाळ्यातलं आपलं ढगाळ आभाळ त्यासाठी उत्तम. दागिना घेऊन दुकानाच्या दाराशी जा, खाली पांढरा कागद धरा आणि बघा. "बाहेर नेऊन बघू का?" या प्रश्नावर दुकानदार कुरकुरला, तर बिलही तिथे करू नये असं माझं मत आहे.

दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. बाजारात जास्त पटीची भिंगंही मिळतात, पण हिऱ्याची शुद्धता जगभर दहा पटीतच तपासतात. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं आणि दागिना हळूहळू पुढे आणायचा. नवखा माणूस नेमकं उलटं करतो. भिंग दागिन्यावर धरतो, स्वतः लांब राहतो आणि मग काही दिसत नाही म्हणतो.

मग पाठ

दागिना उलटा केला की पहिला शोध हॉलमार्कचा. आता त्यात तीन खुणा असतात: बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६, १८ कॅरेटला ७५०) आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा अंक-अक्षरं मिळून सहा जागांचा स्वतःचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून, हॉलमार्क सक्तीचा असलेल्या जिल्ह्यांत, एचयूआयडीशिवाय सोन्याचा हॉलमार्क असलेला नवा दागिना विकता येत नाही. 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपमध्ये तो क्रमांक टाका, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. पावतीवर बांगडी आणि ॲपमध्ये अंगठी, असं निघालं तर तिथेच थांबायचं.

यात दोन गोम आहेत. २ ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तूंना हॉलमार्क सक्तीचा नाही आणि कुंदन-पोलकी-जडावाच्या दागिन्यांनाही नाही. बारीक नथ, चमकी, लहान मुलीच्या रिंगा यांवर खूण नसली म्हणजे फसवणूक झाली असं नव्हे. दुसरी गोम मोठी आहे. हॉलमार्क सोन्याबद्दल बोलतो, खड्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ९१६च्या अंगठीत काचेचा तुकडा आरामात बसू शकतो.

आता कोंदण बघा. खड्याची पाठ उघडी असेल तर मागून उजेड येतो आणि खडा लपवाछपवी करू शकत नाही. कोंदण बंद असेल तर खाली चकाकीसाठी वर्खासारखा पातळ पत्रा असू शकतो. जुन्या कुड्या, तन्मणी, चिंचपेटी यांत अशी बंद कोंदणं भरपूर. ती वाईट नाहीत, पण तिथे दिसणाऱ्या रंगातला किती खड्याचा आणि किती पत्र्याचा हे बाहेरून कळत नाही. शिवाय अशा कोंदणात पाणी शिरलं की पत्रा काळवंडतो, खडा मेल्यासारखा दिसतो आणि बाई म्हणते, "सोनाराने खडा बदलला."

मोती

आपल्याकडे नथ म्हणजे मोती, म्हणून इथे जरा रेंगाळते.

घरोघर 'बसऱ्याचे मोती' असतात. निदान तसं सांगितलं जातं. बसरा हे इराकमधलं बंदर. इराणच्या आखातातल्या नैसर्गिक मोत्यांना त्या व्यापाराचं नाव चिकटलं, आणि ते मोती निवडण्याचं, भोक पाडण्याचं मोठं काम मुंबईत चालायचं. नैसर्गिक मोत्याचं जुनं माप 'चव', जिभेच्या चवीशी त्याचा संबंध नाही. चव वजनाच्या वर्गावर निघते, म्हणजे एक मोती दुसऱ्याच्या दुप्पट वजनाचा असेल तर त्याची चव चौपट. मग जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात मुद्दाम मोती घडवून दाखवला, १९२०च्या दशकात संवर्धित गोल मोती बाजारात आले आणि आखाताचा धंदा बसला. त्यामुळे पणजीची नथ खरोखर शंभर वर्षांपूर्वीची असेल तर बसऱ्याची आशा ठेवायला हरकत नाही. आज काउंटरवर 'बसरा' म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा घाटाचं नाव असतं, मोत्याचं नाही.

घरी काय तपासता येईल? समोरच्या दाताच्या कडेवर मोती अगदी हलका घासा. अस्सल मोती किंचित खरखरतो, अगदी बारीक वाळूसारखा. काच किंवा प्लॅस्टिक गुळगुळीत सरकतं. पण संवर्धित मोतीही असाच खरखरतो, कारण त्याचा वरचा थर शिंपल्यानेच घातलेला असतो. नैसर्गिक की संवर्धित याचा खात्रीचा निकाल प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी लागतो, दातांनी लागत नाही.

भोक मात्र खूप काही सांगतं. नकली मोत्याच्या भोकाच्या कडेला रंगाची पापडी सुटलेली दिसते. मधे मणी घालून वाढवलेल्या मोत्यात भिंगाने पाहिलं की भोकाच्या आत मणी आणि वरचा थर यांच्यामध्ये एक रेघ दिसते. ती पृष्ठभागाच्या जितकी जवळ, तितका थर पातळ आणि तितकं त्या मोत्याचं आयुष्य कमी. रंगवलेल्या मोत्यात रंग भोकापाशी साचलेला असतो.

आणि तेज. मोती हातात धरून पडवीच्या खिडकीकडे वळा आणि मोत्यात उमटलेली खिडकी बघा. गज मोजता आले तर मोती पहिल्या प्रतीचा. नुसता धुरकट उजळ ठिपका दिसला तर थर पातळ किंवा मोती थकलेला. आकार, गोलाई, डागविरहितपणा हे सगळं त्यानंतर. मोठ्या निस्तेज मोत्यापेक्षा लहान तेजदार मोती घ्यावा, असं मी प्रत्येकीला सांगते. ऐकणाऱ्या थोड्याच.

कालवं खाताना कधीमधी दाताखाली बारीक खडा येतो आणि शेजारीण धावत पेढीवर येते. तोही मोतीच, पण खायच्या कालवाच्या मोत्याला ती झळाळी नसते. तो कुंकवाच्या डबीत ठेवावा, पोराबाळांना दाखवायला.

माणिक, पाचू आणि मंडळी

नावात रत्न असलं तरी रत्नागिरीत रत्नांच्या खाणी नाहीत, जांभ्याच्या आहेत. आपल्याकडचा प्रत्येक रंगीत खडा बाहेरून आलेला, त्यामुळे "आमच्या ओळखीच्या खाणीतला" असं कुणी सांगितलं तर चहा प्या आणि निघा.

माणिक बघताना सगळ्यात आधी निर्दोषपणाला घाबरायचं. जमिनीतून आलेल्या खड्यात काहीतरी असतंच: रेशमासारख्या बारीक सुया, ढग, चिरा. लालभडक, मोठं, आतून स्वच्छ आणि तरी स्वस्त माणिक म्हणजे तीनपैकी एक. एक, काच. दोन, कारखान्यात केलेलं माणिक. ज्योतीत माणिक बनवण्याची रीत फ्रान्समध्ये व्हर्नुई यांनी १९०२ मध्ये जाहीर केली, म्हणजे आजीच्या कुड्यांतही कृत्रिम माणिक असू शकतं. "जुनं आहे म्हणजे खरंच असणार" हे इथे लागू पडत नाही. भिंगाखाली त्यात ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वळलेल्या रेघा आणि बारीक गोल बुडबुडे दिसतात. खाणीतल्या खड्यातल्या रंगाच्या रेघा सरळ असतात.

तीन, आणि हे हल्ली सर्वांत जास्त: चिरांनी भरलेलं हलकं माणिक शिसं घातलेल्या काचेने भरून काढलेलं. खडा हलवला की आत निळसर चमक मारून जाते. एका पुण्याच्या पाहुणीने अंगठी सैल करायला दिली होती. पेढीवरच्या मुलाने जोडाजवळ बत्ती लावली आणि खड्यावर घाम फुटावा तसे फोड आले. बिलावर 'नॅचरल रुबी' लिहिलेलं होतं. माणिक नैसर्गिक होतं हे खरंच, पण निम्मी काच होती हे कुणी लिहिलं नव्हतं. असा खडा लिंबाच्या रसानेही खराब होतो, सोलकढीच्या प्रदेशात याचा अर्थ काय ते पुढे येईलच. नुसतं तापवून रंग सुधारलेलं माणिक वेगळं. ती रीत जुनी आणि टिकाऊ आहे, फक्त सांगून विकायला हवी.

पाचूत जाळं असतंच. अगदी स्वच्छ पाचू दिसला तर संशय घ्या. पाचूच्या चिरांत तेल मुरवणं व्यापारात सर्वमान्य आहे, पण त्यामुळेच तो गरम पाणी, साबण आणि दुकानातलं कंपनांवर चालणारं सफाईचं यंत्र यांपासून लांब ठेवायचा. तेल निघालं की चिरा पांढऱ्या उघड्या पडतात. पुष्कराजाच्या (पिवळ्या नीलमाच्या) नावाखाली 'सुनेला' (सिट्रिन) हा खडा विकला जातो, रंग सारखा दिसतो. काठिण्याच्या एक ते दहा मापावर पुष्कराज ९, सुनेला खडा ७, आणि किमतीत तर जमीन-अस्मान.

वजन नेहमी कॅरेटमध्ये लिहून घ्या. १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, ५ कॅरेटचा १ ग्रॅम. रत्तीत भानगड आहे: सोनाराची रत्ती सुमारे ०.१२ ग्रॅम, खडे विकणाऱ्यांची पक्की रत्ती सुमारे ०.१८ ग्रॅम. "सव्वापाच रत्ती" म्हणजे नक्की किती, हे दुकानागणिक बदलतं.

पोवळ्याबद्दल एकच. अंगठीतलं लाल पोवळं आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली दिसतं ते प्रवाळ, या दोन वेगळ्या गोष्टी. इथलं प्रवाळ तोडून कोंदणात बसवायला आणू नका. ते दागिन्याच्या कामाचं नाही आणि वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

हिरा, थोडक्यात

हिऱ्याला चार गोष्टी: पैलू, रंग, शुद्धता, वजन. बजेट कमी असेल तर रंग आणि शुद्धतेत थोडं खाली या, पैलूंत येऊ नका. लखलखाट पैलूंतून येतो. तोंडाची वाफ मारून बघायची युक्ती काच पकडायला ठीक आहे, हिऱ्यासारखं दिसणारं मॉइसनाइट मात्र उष्णतेवर चालणाऱ्या हिरा-तपासणीच्या पेनालाही फसवतं. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर हिराच असतो, तो ना वाफेने कळतो ना पेनाने. घ्यायला हरकत नाही, पण तो तसा आहे हे बिलावर हवं, आणि पुन्हा विकताना हाती फार लागेल ही आशा नको. मोठ्या खड्याला जीआयए, आयजीआय किंवा जयपूरची आयआयजीजे-आरएलसी (पूर्वीची जीटीएल) अशा प्रयोगशाळेचा दाखला मागा. दुकानाने स्वतःच छापलेलं चकचकीत कार्ड म्हणजे दाखला नव्हे.

बिलावर काय काय हवं

एकूण वजन, त्यातून खडे-मोती-लाख वजा करून उरलेलं सोन्याचं निव्वळ वजन, खड्यांचं वजन आणि किंमत वेगळी, मजुरी वेगळी. खड्यांचं वजन सोन्याच्या भावात लावणं हा या धंद्यातला सर्वांत जुना खेळ, आणि तो फक्त बिल वाचून पकडता येतो. खड्याचं नाव, नैसर्गिक की बनवलेला, त्यावर काय प्रक्रिया झालीय, हेही लिहून घ्या. परत विकायला गेलात तर बहुतेक ठिकाणी सोन्याचेच पैसे मिळतात. म्हणून लहान लहान खड्यांनी गच्च भरलेला दागिना हौसेसाठी घ्या, गुंतवणूक म्हणून नको.

इथल्या हवेत वापरायचं कसं

सोनं गंजत नाही, खारं वारं त्याचं काही बिघडवू शकत नाही. बिघडतं बाकीचं सगळं: चांदी, दोरा, डाख दिलेले जोड, मोती.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. लग्नात आईने मोत्याची अंगठी दिली होती. दुसऱ्याच वर्षी वैशाखात घरी रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, आले, दोन टोपल्या. आगळ, म्हणजे त्यांचा आंबट रस, काढायला बसले, तासभर दोन्ही हात मनगटापर्यंत लाल रसात, अंगठी बोटातच. रात्री हात धुताना काही कळलं नाही. सकाळी उजेडात पाहिलं तर मोत्याची वरची बाजू खडूसारखी पडलेली. खिडकीचे गज सोडा, खिडकीच दिसेना. आबांनी अंगठी फिरवून बघितली आणि परत हातात ठेवली. "शिंपल्याचो चुनो करतत ना, तसाच ह्या," म्हणाले. मोती, शिंपला, पोवळं यांचा मुख्य घटक एकच आणि आंबटाशी त्याचं वैर. कोकम, लिंबू, चिंच, कैरी, व्हिनेगर, सगळ्यांशी. घामही थोडा आंबटच असतो, अत्तर आणि केसांवरचे फवारे तर वाईटच. म्हणून साडी, पावडर, अत्तर, वेणी सगळं झालं की शेवटी मोती घालायचे, आणि घरी आल्यावर चपला काढायच्या आधी नाही तरी साडी बदलायच्या आधी ते उतरवायचे.

हिऱ्याला आंबटाचं काही नाही, पण तेल त्याला चिकटतं. डोक्याला खोबरेल लावून कुड्या घातल्या की आठवड्यात त्या मंद दिसतात. हिरा खराब झालेला नसतो, मळलेला असतो. अंगठ्या मासे साफ करताना, पीठ मळताना आणि समुद्रात उतरताना काढाव्यात. थंड पाण्यात बोटं आकसतात, आणि मालवणच्या समुद्राच्या तळाशी किती अंगठ्या असतील देव जाणे.

धुणं

सोनं, हिरा, काचेने न भरलेलं माणिक, नीलम, हे उघड्या कोंदणात असतील तर घरी धुता येतात. वाडग्यात कोमट पाणी घ्या. दोन रिठ्यांची सालं भिजवून चोळा, किंवा भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका. दागिना पाच-दहा मिनिटं ठेवा आणि बाळाच्या मऊ ब्रशने घासा. इथेही पाठीकडून, कारण मळ मागे बसतो. स्वच्छ पाण्यात बुडवून सुती फडक्याने टिपा आणि पंख्याखाली ठेवा. हे सगळं वाडग्यातच करायचं, मोरीवर नाही. निसटलेला खडा वाडग्यात सापडतो. टूथपेस्ट, राख, खायचा सोडा यांनी ओरखडे पडतात.

मोती, पोवळं, पाचू आणि बंद कोंदण यांना पाण्यात बुडवायचं नाही. पोकळ दागिन्यांत आणि वाट्यांत लाख भरलेली असते, ती उन्हाने आणि गरम पाण्याने मऊ होते. मोती ओलसर मलमलीने एकेक करून पुसा, ओलसर हवीच. धुळीत गारगोटीचे कण असतात, गारगोटीचं काठिण्य ७ आणि मोत्याचं जेमतेम २.५ ते ४.५. कोरड्या फडक्याने जोरात पुसलं की आपण पॉलिश नाही, ओरखडे काढत असतो. पुसलेला सर टॉवेलवर आडवा पसरून रात्रभर सुकवा. टांगलात तर ओल्या दोऱ्याला ताण बसून तो लांबतो.

दुपारी घरात बायकाच असताना "दागिने उजळून देतो" म्हणत कुणी अंगणात आला तर त्याला फाटकाबाहेरूनच वाटेला लावा. त्याच्या भांड्यातल्या तेजाबात दागिना पिवळाधमक होऊन निघतो आणि वजनात हलका झालेला असतो. गेलेलं सोनं तो भांड्यातून घेऊन जातो.

दोरा आणि डबा

घालायच्या आदल्या दिवशी नाही, महिनाभर आधी दोन गोष्टी तपासा. खड्याचा दागिना कानाशी धरून हलकेच टिचकी मारा. टकटक ऐकू आली तर खडा सैल. खडा धरून ठेवणाऱ्या काट्यांवरून कापूस फिरवा, धागा अडकला तर तो काटा उचललेला आहे. आणि मोत्याचा सर दोन बोटांत धरून बघा. मोत्यांमध्ये दोरा दिसतोय, भोकांशी करडा मळ आहे, सर लुळा पडलाय, तर गाठवायला द्या. नेहमीच्या वापरात वर्षा-दोन वर्षांनी द्यावाच लागतो, आपल्या पावसाळ्यात रेशमाचा दोरा लवकर कुजतो. दर मोत्यानंतर गाठ मागा. दोरा तुटला तरी एकच मोती जातो. गाठींचे पैसे जास्त पडतात म्हणून घासाघीस करणाऱ्या बायका पुढच्या वर्षी वाडीभर मोती शोधत फिरतात.

ठेवताना प्रत्येक दागिना वेगळ्या मऊ कापडात, जुन्या सुती साडीचा तुकडा उत्तम. हिरा शेजारच्या प्रत्येकाला ओरखडतो. ओल शोषणाऱ्या पुड्या सोन्या-चांदीच्या डब्यात घाला, मोत्यांच्या नको. मोत्याला अगदी कोरडेपणाही सोसत नाही. प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत वर्षानुवर्षं कोंडलेले मोती पिवळे पडलेले मी पाहिलेत. डांबरगोळ्या मोत्यांपासून लांब. गौरीच्या जागरणात घामेजलेले दागिने दुसऱ्या दिवशी तसेच लॉकरमध्ये कोंबू नका, एक रात्र पंख्याखाली काढू द्या. आणि प्रत्येक दागिन्याचे दोन फोटो काढून ठेवा, पुढून आणि मागून, शेजारी पट्टी ठेवून. वजन आणि मोत्यांची संख्या वहीत लिहा. पेढीवर दागिना देताना आणि घेताना हीच वही कामाला येते.

ती माझी अंगठी अजून बोटात आहे. खडूसारखा झालेला थर काही परत येत नाही, पण मोती गोल होता. आबांनी तो कोंदणातून अलगद सोडवला, फिरवला आणि खराब बाजू खाली करून पुन्हा बसवला. पेढीवर येणाऱ्या बायका "काय सुंदर पाणी आहे हो मोत्याला" म्हणतात. आजवर एकीनेही ती उलटी करून बघितलेली नाही.